काळी तार कोणाची?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. चंडीगढला रात्रीचे नऊ वाजून गेले होते, न्यू जर्सीत सकाळ होती. मुलीचा फोन आला. त्यांनी नव्यानेच घेतलेल्या जुन्या घरात स्वयंपाकघरातील दिव्याचे बटण बिघडले होते. नवे बटण आणून, पेचकस हातात घेऊन ती उभी होती. "बाबा, काळी वायर म्हणजे न्यूट्रल ना? लहानपणी तुम्हीच शिकवलं होतं."

मी शिकवले होते हे खरे. लाल ती फेज, काळी ती न्यूट्रल, हिरवी ती अर्थिंग. पण अमेरिकेत काळी तार जिवंत असते, पांढरी न्यूट्रल असते आणि अर्थिंगची तार हिरवी किंवा नुसतीच उघड्या तांब्याची असते. मी जवळजवळ ओरडूनच तिला थांबवले. बापाने प्रेमाने दिलेले ज्ञान समुद्र ओलांडताच जिवावर उठू शकते, ही जाणीव त्या रात्री झोप उडवून गेली. त्यानंतर थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

रंगाला स्वतःचा काही गुण नाही. वीज लाल तारेतून जाते तशीच काळीतूनही जाते. रंग हा केवळ एक करार आहे: आज भिंतीत तार घालणारा माणूस आणि वीस वर्षांनी ती भिंत उघडणारा माणूस यांच्यातला. दोघांची भेट कधीच होत नाही. म्हणूनच या कराराला तिसरा, कायमस्वरूपी साक्षीदार लागतो, आणि ती भूमिका शासनाकडे येते.

आपल्याकडे हा करार इंग्रजांबरोबर आला. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे 1882 साली लागले. पुढे 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, 1915 मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. यंत्रे विलायती, अभियंते बहुतांशी विलायती, तेव्हा ताराही विलायती रीतीच्या. लाल-काळ्याबरोबर गोल पायांचे प्लगही तिकडूनच आले. गंमत अशी की ब्रिटनने 1947 मध्ये चौकोनी पायांच्या, आत फ्यूज असलेल्या प्लगचे मानक काढले आणि हळूहळू गोल पाय सोडले. आपण मात्र त्याच वर्षी स्वतंत्र होऊनही गोल पाय धरून बसलो! त्या प्लगचा वरचा पाय जाड आणि लांब का, हे किती घरांत ठाऊक असते? तो अर्थिंगचा. प्लग खोचताना तो सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा, यासाठी ती लांबी. असा प्लग दोन छिद्रांच्या सॉकेटात काडीच्या आधाराने कोंबणारे हात मी सरकारी कार्यालयांतही पाहिले आहेत.

कायद्याची भाषा या बाबतीत वाचण्यासारखी आहे. 1910च्या भारतीय वीज कायद्याखाली 1956 साली नियम झाले. त्यातील 32 वा नियम सांगतो की न्यूट्रल तार जिवंत तारेपासून वेगळी ओळखता येईल अशी कायम स्वरूपाची खूण हवी. शिवाय एकट्या न्यूट्रलमध्ये बटण किंवा फ्यूज घालायचा नाही. हेतू कायद्याने सांगितला. रंग ठरवण्याचे काम मानक संस्थेवर सोपवले. ही विभागणी मला शहाणपणाची वाटते, कारण मानक बदलणे कायदा बदलण्याहून सोपे.

बटण न्यूट्रलमध्ये बसवले तर काय बिघडते? वरवर काहीच नाही. बटण बंद केले की दिवा विझतो. पण होल्डरपर्यंत फेज तशीच पोहोचलेली असते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला अंधार दिसतो आणि तो निश्चिंत होतो. बटण आणि फ्यूज नेहमी फेजमध्येच असावा, हा एवढासा नियम त्या स्टुलावरच्या माणसासाठी आहे. आणि न्यूट्रलला 'ठंडा तार' म्हणण्याची इथल्या बिजलीवाल्यांची पद्धत असली तरी तीही सुरक्षित मानू नये; ती कोठे तुटली असेल तर दिव्यातून फिरून आलेली वीज तिच्या मोकळ्या टोकावर उभी असते.

त्याच नियमावलीतील 45 वा नियम वायरिंगचे काम परवानाधारकांसाठी राखून ठेवतो, परंतु दिवे, पंखे, फ्यूज, बटणे बदलण्यास सवलत देतो. म्हणजे मुलगी जे करू पाहत होती ते आपल्याकडेही गृहस्थाला करता येते. 1956चे नियम जाऊन 2010 मध्ये आणि मग 2023 मध्ये नवी विनियमावली आली, तरी मूळ धागा तोच राहिला.

आता चंडीगढकडे येतो. मी राहतो ते सरकारी घर पन्नासच्या दशकातले, उघड्या विटांचे. त्या दिवसांतली फिटिंग लाकडी पट्टीवरची असे: पट्टीवर क्लिपांनी दाबलेली रबरी आवरणाची दुपदरी तार, आत लाल व काळी, आणि अर्थिंगसाठी शेजारून धावणारी उघडी तार. आमच्या मागच्या खोलीत त्या पट्टीचा एक तुकडा अजून आहे. पुढच्या खोल्यांत नंतर कधीतरी पीव्हीसी पाइप आले, आणि वातानुकूलन यंत्रासाठी तीन फेजची जोडणी. 2025च्या फेब्रुवारीत शहराचे वीजवितरण सरकारी खात्याकडून खाजगी कंपनीकडे गेले, पण मीटरच्या अलीकडचे सारे घरमालकाचे. आणि माझा घरमालक म्हणजे पुन्हा सरकारच.

मुलीच्या फोननंतर मी परवानाधारक वायरमनला बोलावून बोर्ड उघडायला लावले. त्याने एका निळ्या तारेकडे बोट दाखवून विचारले, "साहब, ये क्या है?" मी आत्मविश्वासाने म्हणालो, न्यूट्रल. तो हसला. त्याने टेस्टर लावला, दिवा पेटला.

खरा धोका इथे आहे. आपल्या भिंतीतील तीन फेजांचे रूढ रंग लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा. पण इस्त्री, गिझर, धुलाई यंत्र यांच्या दोरीत आंतरराष्ट्रीय रीतीचे रंग असतात: तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा पट्टेरी अर्थ. म्हणजे एकाच घरात दोरीतला निळा न्यूट्रल आणि भिंतीतला निळा जिवंत. मी निळा ओळखला होता तो इस्त्रीच्या दोरीवरून.

मग सरळ एकच पद्धत का स्वीकारू नये? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे पॉल डेव्हिड यांचा टंकलेखन यंत्राच्या कळफलकावरील 1985चा निबंध आठवतो. आरंभी योगायोगाने घडलेली निवड पुढे इतक्या लोकांच्या सवयीत रुजते की चांगला पर्याय समोर असूनही बदल परवडत नाही. स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी एका पहाटेत सारी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. रस्त्यावर ते जमते, कारण काल धावलेली गाडी आज रस्त्यावर शिल्लक नसते. भिंतीतली तार मात्र तिथेच असते. ब्रिटनने 2004 मध्ये युरोपीय रंग घेतले आणि 2006 पासून ते सक्तीचे केले. परिणामी तिथे पूर्वीची न्यूट्रलची काळी तार आता एका फेजची झाली, तर फेजची निळी न्यूट्रल झाली. जुने-नवे एकत्र असलेल्या बोर्डावर तसा इशारा लावणे त्यांना बंधनकारक करावे लागले. आपण बदल केला नाही याला आळस म्हणावे की सावधपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बहुधा पहिला, पण फळ दुसऱ्याचे मिळाले.

मुलीला मी त्या रात्री एवढेच सांगितले: रंगावर जाऊ नकोस. मुख्य पेटीतला त्या खोलीचा ब्रेकर बंद कर. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटला लावून तो ठीक आहे हे पाहा, मग बटणाच्या प्रत्येक तारेला लाव, मग पुन्हा त्या सॉकेटला. जुन्या तारा जशा होत्या तसा फोटो काढ, आणि एकेक करून नव्या बटणावर ने. शंका आली तर थांब आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनला बोलाव.

अर्ध्या तासाने फोटो आला. बटणाच्या मागे एक काळी तार आणि एक पांढरी. पांढरीच्या टोकाला कोणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. तिकडच्या जुन्या घरांत दिव्याकडून बटणापर्यंत दुपदरी तार नेताना पांढरीतूनही फेज न्यावी लागे, आणि ती जिवंत आहे हे सांगण्यासाठी तशी पट्टी लावतात. पट्टी जुनी होती, कडा सुटू लागल्या होत्या. बटण बसवून झाल्यावर तिने त्यावर नवी पट्टी गुंडाळली, आणि झाकण लावण्यापूर्वी तिचाही फोटो मला पाठवला.