पांढरीचे जनावर

मराठी मुलखातील महसुली व्यवहाराने गावाचे दोन भाग मानले होते. पिकाखालची जमीन ती ‘काळी’ आणि घरांच्या वस्तीची जागा ती ‘पांढरी’. एकाच ठिकाणी शतकानुशतके घरे पडत, त्यांच्या ढिगावर नवी उभी राहत आणि भिंतींच्या मातीत चुलीची राख मिसळत गेल्याने वस्तीची माती खरोखरच फिकट, राखट होत जाते. म्हणून हे नाव केवळ कागदावरचे नाही, ते डोळ्यांना दिसणारे आहे. सारा काळीवर बसत असल्याने दप्तरे काळीची राहिली, आणि दप्तरांवरून लिहिला गेलेला इतिहासही बहुधा काळीचाच झाला. त्यात बैलाला मान मिळाला, पोळ्याचा सण मिळाला. गाढव मात्र पांढरीचे जनावर होते. ज्या घरांकडे काळीचा तुकडाही नव्हता त्या घरांची तीच चालती मिळकत होती, आणि तिची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

अर्धापूर हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या वाटेवर, आसना नदी ओलांडल्यावर लागणारे हे गाव आज केळीच्या बागांसाठी ओळखले जाते. त्याची वस्ती जुनी आहे. येथील शिलालेखांमुळे मध्ययुगाच्या आरंभीच्या रट्ट घराण्याचा माग लागतो आणि केशवराजाचे मंदिर त्या जुनेपणाची साक्ष देते. इतकी वर्षे सतत वसलेल्या गावाची पांढरी जाड असते. ती कशी साचली, भिंत आणि छत यांच्या रूपाने ती पुन:पुन्हा कोणी उचलून ठेवली, हा प्रश्न विचारला की उत्तर गाढवापाशी येऊन थांबते.

मराठवाड्यातील जुने घर ‘माळवदाचे’ असे. माळवद म्हणजे सपाट मातीचे छत. लाकडी तुळयांवर आडव्या फळ्या किंवा काठ्या, त्यांवर पाला आणि त्यावर चोपून बसवलेला मातीचा थर अशी त्याची रचना होती. शेतातली काळी माती या कामाला चालत नाही, कारण ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भेगांतून पाणी घरात उतरते. पांढरीची माती फारशी फुगत नाही, चोपली की घट्ट बसते, म्हणून गावाच्या जुन्या पडीक भागातून किंवा ढासळलेल्या गढीतून ती खणून आणत. दर उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या आधी, वाहून गेलेल्या थराच्या जागी नवी माती टाकावी लागे. उतार नीट ठेवून पाणी पन्हाळीकडे काढावे लागे. अशा थरांवर थर चढत छताची जाडी काही घरांत दीड-दोन फुटांपर्यंत गेली.

या कामाचा आकार साध्या हिशेबाने कळतो. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा एका दालनावर अर्धा मीटर जाडीचा थर धरला, तर दहा घनमीटर माती होते आणि तिचे वजन किमान पंधरा टन भरते. गाढवाच्या पाठीवर एका वेळी साठ किलोच्या आसपास माती जाते असे मानले, तर एका दालनाच्या छताला अडीचशे खेपा लागतात. गल्ल्या इतक्या अरुंद की बैलगाडी आत वळत नसे, आणि माणसाच्या डोक्यावरून पंधरा टन नेणे म्हणजे पावसाळा उजाडला तरी न संपणारे काम. चार गाढवांचा एक तांडा मागे लागला तर तेच काम साठ-पासष्ट फेऱ्यांत उरकत असे. मराठवाड्यातील घराच्या रचनेविषयी लिहिताना लाकूड, दगड आणि कोरीव दरवाजे यांची चर्चा होते. छत वर चढवणाऱ्या या खेपांचा उल्लेख होत नाही, ही उणीव लहान नाही.

गाढवे पाळणाऱ्या घरांत गावचे बलुतेदार होते आणि फिरस्तेही होते. बलुतेदार म्हणजे वर्षभर गावाची ठरावीक सेवा करून सुगीत खळ्यावरून धान्याचा वाटा घेणारा कारागीर. कुंभाराला तळ्यातला गाळ, जळण आणि राख आणायला गाढव लागे. भाजलेली मडकी दोरीच्या जाळ्यांत भरून आठवडी बाजारी नेणारेही तेच. शिवाय गाढवाची लीद मळलेल्या मातीत मिसळली, की तिच्यातील बारीक तंतूंमुळे माती वाळताना तडकत नाही, म्हणून जनावर ओझे वाही आणि कच्चा मालही पुरवी. परीट, ज्याला या भागात वरठी किंवा धोबी असेही म्हणतात, कपड्यांची गाठोडी त्याच्या पाठीवर टाकून नदीच्या घाटावर जाई. वडार समाजातील मातीकाम करणारे लोक, जे आपसांत तेलुगूच्या वळणाची बोली बोलतात, विहिरी, तळी, रस्ते आणि बांध यांच्या कामावर आपली पाले आणि गाढवे घेऊन फिरत. याखेरीज बेलदार, कैकाडी, घिसाडी या फिरत्या समाजांच्या बिऱ्हाडांतही गाढव असे. घिसाड्याचा भाता, ऐरण आणि लेकरे एकाच पाठीवरून गावोगाव जात. लांब पल्ल्याची धान्यवाहतूक बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांकडे होती, तर शिवारापासून दारापर्यंतचे आखूड, रोजचे अंतर गाढवाकडे होते. पहिल्याविषयी फौजांच्या रसदीमुळे पुष्कळ लिहिले गेले आणि दुसरे रोजचे असल्यामुळे नजरेआड राहिले.

घराच्या अंगणातील गाढवाचे जगणे खर्चाला हलके होते, पण त्याला निगा लागत नव्हती हा समज खोटा आहे. या जनावराचे मूळ ईशान्य आफ्रिकेतील रानगाढवात आहे. कोरड्या, खडकाळ मुलखात घडलेले त्याचे शरीर कडब्याची धाटे, भुसा आणि बांधावरचे वाळके गवत यांवर तगते, मात्र सततचा ओलावा त्याला सोसत नाही. त्याच्या केसांतून पाणी ओघळून जात नाही, ते अंगात मुरते, आणि चिखलात उभे राहून खूर सडतात. म्हणून पावसाळ्यात ज्याच्या घरी ओसरी नव्हती तो कुंभार निदान आवा, म्हणजे मडकी भाजण्याची भट्टी, रचण्याच्या छपराखाली, आपल्या सुकत्या मडक्यांशेजारी, त्याला जागा देई. पाण्याच्या बाबतीत गाढव चोखंदळ असते. गढूळ किंवा वास येणाऱ्या पाण्याला ते तोंड लावत नाही. ‘गोणी’ म्हणजे दोन्ही कुशींना सारखी लोंबणारी जोडपिशवी. तिच्याखाली गोणपाटाची जाड गादी घालावी लागे, आणि ती सरकली तर पाठीचे कातडे सोलून, जखम होऊन ऐन हंगामात कमाई बुडे. हळद आणि तेलाचा लेप हा त्यावरचा घरगुती इलाज होता. त्याचबरोबर दम वाढावा म्हणून नाकपुड्या चिरणे आणि आजारात तापल्या सळईने डाग देणे हेही चालत असे. त्याने जनावराचे हालच झाले, उपयोग काही झाला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

काम संपल्यावर गाढवाला बहुधा मोकळे सोडत, किंवा पुढच्या पायांना आखूड दोरीचा पायबंद घालून पडीक रानात चरायला लावत. भूमिहीन घराला स्वत:चे कुरण नसल्याने दुसरा मार्गही नव्हता. पायबंद तुटला आणि जनावर एखाद्याच्या पिकात शिरले, की त्याची रवानगी कोंडवाड्यात, म्हणजे मोकाट गुरे दंड भरेपर्यंत अडकवून ठेवण्याच्या गावच्या आवारात होई. दोन दिवसांची मजुरी दंडात जाई आणि तेवढे दिवस घरातील काम बंद पडे. काळी आणि पांढरी यांच्यातील ताण इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या जागी क्वचितच दिसत असेल.

गाढवी सुमारे बारा महिने गाभण राहते आणि एकच शिंगरू देते, म्हणून घरात शिंगरू होणे ही मोठी गोष्ट असे. ते जन्मल्यावर तासाभरात उभे राहते आणि थोड्याच दिवसांत आईच्या मागे प्रत्येक खेपेला चालू लागते. घोडी ओझ्याने आणि शिंगरू येरझारांनी मेल्याची म्हण घोड्याची असली तरी तिच्यातले निरीक्षण मातीच्या खेपा पाहणाऱ्याला लगेच पटते. शिंगरू लहान असताना जनावराची देखभाल प्रामुख्याने बायका आणि मुले यांच्याकडे असे. गोणी भरणे, तांडा हाकणे, संध्याकाळी जनावरे शोधून आणणे ही कामे वडारांच्या आणि कुंभारांच्या घरांत स्त्रियांनीही केली. एकत्र वाढलेली दोन गाढवे एकमेकांना इतकी धरून असतात, की त्यांतले एक विकले तर दुसरे काही दिवस चारा टाकते. म्हणून जाणता मालक शक्यतो जोडी फोडत नसे. ज्याला जग मठ्ठ म्हणते त्या जनावराविषयी त्याच्या धन्याला असलेली ही समज मोलाची आहे.

नवे जनावर घ्यायचे ठिकाण म्हणजे माळेगावची जत्रा. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात, नांदेड–लातूर रस्त्यावर असलेल्या या गावी मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यात घोडे, उंट, बैल, कुत्री यांच्याबरोबर गाढवांचाही बाजार असतो. खंडोबा आणि गाढवांचा बाजार यांची ही जोड एकटी नाही; पुणे जिल्ह्यात जेजुरीला पौष पौर्णिमेला तसाच बाजार भरतो आणि तेथे काठेवाडी गाढवे येतात. अठरापगड जातींनी मानलेल्या देवाच्या अंगणातच या फिरस्त्यांना जागा होती, आणि वैदू, घिसाडी यांसारख्या समाजांच्या जातपंचायती माळेगावी यात्रेच्या काळात बसत, तेथेच तंटे मिटत व सोयरिकी जुळत. गाढवाची पारख दातांवरून होते: दोन दात आलेले ते ‘दुवान’ आणि चार दातांचे ते ‘चौवान’ असे बाजारातले शब्द आहेत. चालून दाखवणे, पाठ दाबून पाहणे आणि खुरांचा आवाज ऐकणे हे त्यानंतरचे. शेतकऱ्याला सावकार जमिनीच्या तारणावर कर्ज देई. पालात राहणाऱ्याची पत मात्र त्याच्या जनावरांच्या दातांत मोजली जाई.

एवढ्या उपयोगी जनावराला समाजाने दिलेली जागा तिरस्काराची होती. शिलाहार राजांच्या काळापासूनच्या ‘गधेगाळ’ नावाच्या दगडांवर, जे मुख्यत: कोकणात सापडतात, वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री कोरलेली असते. दान मोडणाऱ्याच्या घरातील स्त्रीच्या विटंबनेचा तो शाप आहे, आणि त्यात स्त्री व गाढव या दोघांचाही अपमान आहे. १६३० च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुण्याची वस्ती उद्ध्वस्त करून तिच्यावर गाढवाचा नांगर फिरवला. या कृतीचा अर्थ काळी-पांढरीच्या भेदातून नीट उलगडतो: नांगर काळीचा आणि गाढव पांढरीचे, म्हणून घरांच्या जागेवर गाढव जुंपलेला नांगर चालवणे म्हणजे गावाची सारी घडीच उलटी करणे होते. याच्या उलट बाजूला पैठणच्या एकनाथांची आख्यायिका आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, असे परंपरा सांगते. गोदावरीकाठच्या माणसाला असे गाढव अनोळखी नव्हते. बीड जिल्ह्यातील विडा या गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढून नंतर त्याला आहेर करण्याची प्रथा आहे, तर अकोला जिल्ह्यातील अकोट येथे गाढवांचाही पोळा भरतो. अकोटचा हा पोळा बैलाला मिळालेला मान पांढरीच्या जनावरालाही देतो, म्हणून तो विशेष आहे.

गाढवांची संख्या कमी होण्याचे कारण एक नाही. ट्रॅक्टर आणि तीनचाकी टेंपो आले, मडक्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली, धुण्याचे घाट ओस पडले. अर्धापूरच्या शिवारात ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी खेळले, केळी वाढली आणि पडीक रान, जे गाढवाचे खरे कुरण होते, आक्रसत गेले. वीटभट्ट्या आणि गोदावरीची वाळू यांनी काही तांडे जगवले, पण वाळूउपशावरील निर्बंधांनी तेही काम अडचणीचे झाले. देशाच्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे सव्वातीन लाख असलेली गाढवे २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास उरली, म्हणजे सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट झाली. त्यानंतर शेजारच्या हिंगोलीत गाढविणीचे दूध चमच्याच्या मापाने, लिटरला हजारो रुपयांच्या भावाने विकले गेल्याच्या बातम्या आल्या. लहान मुलांना चमचाभर दूध पाजण्याची ही समजूत जुनी आहे आणि दूध विकायला दारोदार फिरणारी बाई मराठवाड्याला पूर्वीपासून परिचित आहे. ज्या पाठीवर गोणी उरली नाही तिच्याकडून आता एवढीच मिळकत येते.

माळवदाची गोष्ट मात्र एका पहाटे बदलली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतील पुष्कळांचा जीव दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढत गेलेली मातीची छते यांच्याखाली गेला. पुनर्वसनाची घरे हलक्या छतांची, सिमेंटची झाली आणि भूकंप न झालेल्या गावांतही लोकांनी माळवदे उतरवायला सुरुवात केली. उतरवलेली माती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावाबाहेर गेली. आता मृगाच्या आधी छतासाठी पांढरी खणली जात नाही, आणि जुन्या गढ्यांच्या कडा जेथवर खणल्या गेल्या होत्या तेथेच, गवत उगवून, थांबल्या आहेत.