नखावरचा रंग, नखातली तारीख

श्रावण लागून नागपंचमी जवळ आली की वर्गात रंगलेले हात दिसू लागतात. पूर्वी मेंदीची पाने पाट्यावर वाटली जात. तळहाताच्या मध्यभागी एक मोठा ठिपका, त्याच्याभोवती चार लहान ठिपके आणि नखांसकट माखलेली पाचही बोटांची टोके, एवढीच नक्षी असे. आता मेंदी कोनातून येते. शिवाय नेलपॉलिशच्या दोन-तीन बाटल्या घरात असल्या की मुली एकमेकींच्या नखांवर टिंबे, रेघा, फुले काढतात. काडेपेटीच्या काडीचे टोक रंगात बुडवून नखावर टेकवले की टिंब होते, आणि पाच टिंबे गोलात काढली की फूल होते. शिकायला याहून सोपी चित्रकला क्वचितच असेल.

अनेक शाळांत मात्र दोन्ही गोष्टींना मनाई असते. “उद्या नखे स्वच्छ करून ये,” असे मुलीला सांगितले जाते. नेलपॉलिशच्या बाबतीत ही आज्ञा पाळता येते. मेंदीच्या बाबतीत पाळता येत नाही. मुलीने कितीही साबण लावला, नख कितीही घासले, तरी दुसऱ्या दिवशी नख तांबडेच असते. असे का होते, हे समजून घेताना नखाच्या रंगाचा बराच मनोरंजक इतिहास हाती लागतो. त्यात दारूगोळा येतो, मतदान येते आणि पुण्यातल्या एका माणसाचा डावा हातही येतो.

नखात मुरणारा रंग

आपल्याला दिसणारे नख जिवंत नसते. नखाच्या मुळाशी, कातडीखाली, पेशी सतत तयार होत असतात. काही नखांच्या बुडाशी जी पांढरट चंद्रकोर दिसते, तो या पेशी तयार करणाऱ्या भागाचाच पुढचा हिस्सा असतो. नव्या पेशी जुन्यांना पुढे ढकलतात. ढकलल्या जाताना त्या चपट्या होतात, केराटिन या प्रथिनाने भरतात आणि मरतात. केस, शिंगे, खूर आणि पिसे ही केराटिनचीच बनलेली असतात. म्हणून नख कापताना दुखत नाही, आणि एकदा बनलेले नख पुन्हा दुरुस्तही होत नाही. त्यावर जे होते ते तसेच पुढे सरकत राहते.

मेंदीच्या झुडपाचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. त्याच्या पानांतून मिळणाऱ्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. पाने वाटून भिजवली आणि लिंबाच्या रसासारखे आम्ल त्यात मिसळले की लॉसोन मोकळे होते आणि केराटिनच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडले जाते. रंग नखावर नसतो, नखाचाच भाग झालेला असतो. तळहाताच्या कातडीवरचा वरचा मृत थर दोन-तीन आठवड्यांत झडतो आणि त्याच्याबरोबर मेंदीही जाते. नखाचा थर असा झडत नाही. नखावरची मेंदी तेवढे नख वाढून कापले जाईपर्यंत राहते. बोटाचे नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण बदलायला साधारण सहा महिने लागतात. नागपंचमीच्या मेंदीची तांबडी कड संक्रांतीच्या सुमारासही नखाच्या टोकाशी दिसू शकते, ती यामुळे.

तोफेकडून बाटलीकडे

नेलपॉलिशची गोष्ट अगदी वेगळी आहे. ते नखात मुरत नाही, नखावर बसते. या पातळ, चकचकीत पापुद्र्याचा इतिहास सुरू होतो तो युद्धसामग्रीपासून.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्तिआन शोनबाइन याने १८४६ साली गनकॉटनचा शोध जाहीर केला. साध्या कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की कापूस दिसायला जवळजवळ तसाच राहतो. पण ठिणगी पडताच भडकन जळतो, आणि मागे राखही उरत नाही. हे नायट्रोसेल्युलोज. पुढे तोफा-बंदुकांच्या धूरविरहित दारूत त्याचा वापर सुरू झाला.

हाच पदार्थ थोडा सौम्य करून ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवला, तर मधासारखा दाट द्रव मिळतो. तो पसरला की द्रावक उडून जातो आणि मागे पारदर्शक पापुद्रा राहतो. या द्रवाला कोलोडियन म्हणत. डॉक्टर तो जखमांवर लावू लागले, आणि १८५१ पासून छायाचित्रकार त्याचा थर काचेवर देऊ लागले. त्यातच कापूर मिसळून सेल्युलॉइड झाले आणि सेल्युलॉइडच्या पट्टीवर सिनेमा आला. आपल्याकडचे सुरुवातीचे चित्रपट अशा नायट्रेट फिल्मवरच निघाले. ही फिल्म किती ज्वालाग्राही असते, याचा अनुभव पुण्याने घेतला आहे. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची शेकडो रिळे जळाली.

१९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी जलद वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग आले. त्याच जातीचा रंग लहान बाटल्यांत, लहान कुंचल्यासह स्त्रियांच्या हाती आला. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या रेव्हलॉन या कंपनीचा पहिला माल म्हणजे असे दाट, अपारदर्शक नेलपॉलिशच होते. भारतात १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. आजही बहुतेक नेलपॉलिशमध्ये पापुद्रा बनवणारा मुख्य पदार्थ नायट्रोसेल्युलोजच असतो. म्हणून बाटली उघडी असताना जवळ ज्योत नको, आणि खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात.

नेलपॉलिश वाळते तेव्हा रासायनिक बदल होत नाही. केवळ द्रावक उडून जातो. म्हणूनच ॲसिटोन लावताच पापुद्रा पुन्हा विरघळतो. मेंदी लागते तेव्हा नवे रासायनिक बंध तयार होतात, त्यामुळे तिला सहज विरघळवील असा द्रावक नाही. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक शिकवताना आपण मेणबत्ती आणि बर्फ यांची उदाहरणे देतो. मुलीच्या एकाच हातावर दोन्हींचे उदाहरण तयार असते.

बोटावरची शाई

पुसता न येणाऱ्या रंगाचा उपयोग आपल्या देशाने फार मोठ्या कामासाठी करून घेतला आहे, आणि तो रंग शिक्षकांइतका दुसऱ्या कोणी क्वचितच हाताळला असेल. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांना मतदाराच्या डाव्या तर्जनीवरची ती जांभळी रेघ चांगली परिचयाची आहे.

या शाईचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत विकसित झाले आणि १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. १९३७ साली म्हैसूर संस्थानच्या काळात स्थापन झालेला हा कारखाना लाखेच्या कामासाठी उभा राहिला होता. शाईतला मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट. त्यावर उजेड पडला की चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात आणि डाग काळा पडतो. कातडीवरचा डाग काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातो. नखावरचा मात्र नख वाढेपर्यंत राहतो. रेघ नखाच्या वरच्या टोकापासून खाली कातडीपर्यंत ओढण्याची सूचना असते, तिचे मर्म इथे आहे. नखाच्या बुडाशी शाई लागली नाही, तर डाग लवकर कापला जाईल.

२०२४ साली पुणे शहरात लोकसभेचे मतदान १३ मे रोजी झाले आणि विधानसभेचे २० नोव्हेंबर रोजी. मधले दिवस १९१. नख दिवसाला सुमारे एक दशांश मिलिमीटर वाढते असे धरले, तर या काळात ते १९ मिलिमीटर सरकले. तर्जनीचे नख एवढे लांब नसते. म्हणजे नोव्हेंबरात मतदार आला तेव्हा त्याचे बोट कोरे होते.

पस्तीस वर्षांची रेघ

पण एक दशांश मिलिमीटर हा आकडा आला कोठून? नखावरची खूण हे घड्याळ आहे, हे प्रथम डॉक्टरांच्या लक्षात आले. फ्रेंच डॉक्टर जोसेफ बो याने १८४६ साली, गनकॉटन जाहीर झाले त्याच वर्षी, असे वर्णन केले की मोठ्या आजारानंतर रोग्याच्या नखांवर आडवी खाच दिसते. आजारात नखाची वाढ मंदावते, बरे झाल्यावर पुन्हा सुरू होते. मधली खाच हळूहळू पुढे सरकत जाते. खाच मुळापासून किती दूर आहे हे मोजले तर आजार केव्हा झाला, याचा अंदाज करता येतो.

हे घड्याळ सर्वांत चिकाटीने वाचले ते विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टराने. १९४१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर बुडाशी कानसीने एक बारीक रेघ ओढली आणि ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात ते नोंदवले. मग दर महिन्याला नवी रेघ. पस्तीस वर्षे हा क्रम चालू राहिला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधानुसार, बत्तिसाव्या वर्षी नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, तर सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५ मिलिमीटर. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. एक कानस, एक वही आणि स्वतःचा अंगठा.

पुण्यातला एक हात

बीनने नखावर रेघा ओढल्या. पुण्यात एका माणसाने नख कापलेच नाही. १९३७ साली पुण्यात जन्मलेल्या श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ मध्ये डाव्या हाताची नखे कापणे थांबवले. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत अशी: शाळेत खेळताना त्यांच्या व मित्राच्या हातून शिक्षकांचे जपलेले लांब नख मोडले. शिक्षक रागावले आणि म्हणाले की, असे नख वाढवायला किती जपावे लागते, हे तुम्हाला कळणार नाही. मुलाने ते आव्हान मानले. उजव्या हाताची नखे ते नेहमीसारखी कापत. त्याच हाताने त्यांनी छायाचित्रकार म्हणून काम केले.

१७ नोव्हेंबर २०१४ रोजी पुण्यात गिनेस बुकातर्फे त्यांची नखे मोजली गेली. पाच नखांची एकूण लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली. सर्वांत लांब नख अंगठ्याचे, १९७.८ सेंटिमीटर. आता हे गणित फळ्यावर मांडू या. ६२ वर्षांचे दिवस सुमारे २२,६४५. १,९७८ मिलिमीटरला या संख्येने भागले की उत्तर येते दिवसाला ०.०८७ मिलिमीटर. बीनच्या आकड्यांच्या हे किती जवळ आहे! थोडे कमी का आले, यावर वर्गात चर्चा करता येईल. टोकाशी नख झिजले किंवा तुटले असेल काय? वयाबरोबर वाढ मंदावली, त्याचा परिणाम किती? दोन माणसांच्या नखांचा वेग मुळातच वेगळा नसेल काय?

या विक्रमाची किंमतही मुलांना सांगायला हवी. इतक्या वर्षांत चिल्लाळ यांचा डावा पंजा आखडला. बोटे उघडणे आणि मिटणे त्यांना अशक्य झाले. ११ जुलै २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती नखे कापण्यात आली. साध्या नेलकटरने ते होण्यासारखे नव्हते. यंत्र वापरावे लागले. नख मृत असल्याने कापताना दुखले नाही. हाताचे सांधे आणि स्नायू मात्र जिवंत होते, आणि ते सहासष्ट वर्षे वापराविना राहिले होते.

वर्गासाठी एक टिंब

हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. नखाच्या बुडाशी, कातडीला लागून, खराट्याच्या हिराने मेंदीचे एक बारीक टिंब द्यावे आणि दोन-तीन तास ठेवावे. मेंदी साध्या पानांचीच हवी. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त केसांच्या कलपातले रसायन असू शकते आणि त्याने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. शेजारच्या बोटावर त्याच जागी नेलपॉलिशचे टिंब द्यावे. दर चार आठवड्यांनी कातडीच्या कडेपासून टिंबाचे अंतर पट्टीने मोजून वहीत लिहावे. दर आठवड्याला मोजून उपयोग नाही, कारण तेवढा फरक पट्टीवर वाचता येत नाही. का, ते मुलांनाच काढू द्यावे. नेलपॉलिशचे टिंब लवकरच टवका उडून जाईल; मेंदीचे टिंब चालत राहील. उजव्या व डाव्या हाताचे नख, मधले बोट व करंगळी, हाताचे व पायाचे नख यांच्या नोंदींची तुलना केली की बरेच प्रश्न निघतील. पायाचे नख इतके मागे का राहते, हा त्यांतला एक.

शाळेने नखांच्या रंगाबाबत काय नियम करावा, हा ज्या त्या शाळेचा प्रश्न आहे. पण नियम करताना पदार्थाचा गुणधर्म लक्षात घेतला नाही, तर मुलीला अशा गोष्टीची शिक्षा मिळते जी तिच्या हातात उरलेली नसते. पुढच्या श्रावणात कोणी तांबडी नखे घेऊन वर्गात आली, तर तिला आधी एवढेच विचारावे: ही मेंदी कधी लावलीस? आणि तिने उत्तर देण्यापूर्वी बाकीच्या मुलांना पट्टीने मोजून ती तारीख ओळखायला सांगावी.