डिजिटल अध्ययन-वातावरण आणि विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य

पडद्यावरून होणाऱ्या शिक्षणाची वेळ, लांबी, भाषा, परीक्षा आणि माहितीची साठवण यांची आखणी शिकणाऱ्याच्या मनाला, शरीराला आणि घरातल्या नात्यांना धरून करणे, असा या विषयाचा अर्थ आहे. ‘स्वास्थ्य’ या मराठी शब्दात आरोग्य आहे तसा निवांतपणाही आहे, आणि इथे दोन्ही अभिप्रेत आहेत. हा विषय बहुधा समुपदेशनाच्या खात्यात टाकला जातो. अभ्यासाचे वातावरण आधी उभे राहते आणि मूल कोलमडू लागले की मदतवाहिनीचा क्रमांक दिला जातो. केंद्र सरकारने 21 जुलै 2020 रोजी सुरू केलेल्या ‘मनोदर्पण’ उपक्रमात अशी मदतवाहिनी होती. तिची गरज नाकारता येत नाही. पण मुलाचा ताण बराचसा आखणीतच ठरून जातो, म्हणून त्याचा विचारही तिथेच व्हायला हवा.

मध्य प्रदेशातल्या जबलपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांनी हे करोनाकाळात अनुभवले. शाळा बंद झाल्यावर मध्य प्रदेश सरकारने एप्रिल 2020 मध्ये ‘डिजिलेप’ सुरू केला. राज्य शिक्षा केंद्राचे धडे व्हॉट्सॲपच्या गटांतून पालकांच्या फोनवर येऊ लागले. जुलैमध्ये ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही मोहीम आली. सकाळी दहाला घरात थाळी किंवा घंटा वाजवायची, की शाळा भरली. त्या थाळीकडे नीट पाहायला हवे. तिला नेटवर्क लागत नाही, पैसा लागत नाही. पण दिवसाला सुरुवात मिळते, आणि ज्याला सुरुवात असते त्याला शेवटही असतो. रात्री अकराला गटावर येऊन पडणाऱ्या गृहपाठात नेमके हेच हरवते. या मोहिमेची दुर्बळ बाजू होती ती धडा ज्या फोनवर येई त्या फोनची. वडील तो खिशात घालून कामावर गेले, तर दहाची थाळी वाजूनही धडा घराबाहेरच. शालेय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या 2021 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांतल्या 26.1 टक्के मुलांच्या हाती तो पडतच नव्हता. अशा मुलावर ‘अनुपस्थित’ असा शेरा मारला की उपकरणाची उणीव त्याच्या चारित्र्यावर नोंदवली जाते. मंडला-दिंडोरीकडच्या गोंडी बोलणाऱ्या घरांत भाषेचा अडसर वेगळाच: धड्याची भाषा घरची नव्हे. रेडिओवरचा पाठ मात्र फोनवरच्या धड्यासारखा एकाच्या हातात अडकत नाही. खोलीतल्या सगळ्यांना तो ऐकू येतो, आणि शेजारी बसलेली आजीही त्यात आपल्या भाषेतले दोन शब्द घालू शकते.

पडद्याचे तास कमी केले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. ‘प्रज्ञाता’ या जुलै 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शिकेनेही मर्यादा घालून दिल्या होत्या: पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोन सत्रे, नववी ते बारावीला चार. मर्यादा योग्यच होती, पण तेवढ्याने भागत नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या संशोधकांनी 2019 मध्ये मोठ्या पाहण्यांतली आकडेवारी तपासली, तेव्हा किशोरांच्या स्वास्थ्यातील फरकापैकी जेमतेम 0.4 टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. यावरून पडदा निरुपद्रवी आहे असे म्हणणारे घाई करतात. नुसते तास मोजून फारसे कळत नाही, एवढेच त्यातून निघते. त्याच तासात मूल शंका विचारत असेल, किंवा सक्तीने चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यात स्वतःचाच चेहरा बघत बसलेले असेल. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ-सभांच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत हे सतत स्वतःकडे बघणेही आहे. कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा देणे हा आखणीतला साधा बदल आहे, आणि एका खोलीच्या घरातल्या मुलीला त्याने मोठा दिलासा मिळतो.

अशा आखणीवरचा एक आक्षेप अधिक वजनदार आहे: शिकण्यात कष्ट असतात, आणि मुलांना इतके जपले तर ती शिकणार कशी? गणित अडते तेव्हा होणारी ओढाताण हवीच. पण व्हिडिओ अर्ध्यावर थांबणे, संकेतशब्द आठवेनासा होणे, चुकल्याबरोबर गुणांच्या जाहीर पाटीवर नाव खाली घसरणे, या ओढाताणीतून गणित येत नाही. पहिली राखायची आणि दुसरी काढायची, हेच आखणी करणाऱ्याचे कौशल्य. जबलपूरमध्ये 2005 पासून माहिती तंत्रज्ञानाची एक राष्ट्रीय संस्था आहे आणि तिच्या नावातच ‘डिझाइन’ हा शब्द आहे. अशा शहरात हा प्रश्न अभियंत्यांनी शिक्षकांइतकाच आपला मानावा. संसदेने तर तो कायद्यातच आणला आहे: 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 9 नुसार, बालकाच्या स्वास्थ्याला अपाय होण्याची शक्यता असलेली माहिती-प्रक्रिया करण्यास मनाई आहे, आणि या कायद्यात बालक म्हणजे 18 वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती.