नळीत नळी, तिच्यात आणखी नळी: कार्बन नॅनोट्यूब कोणाची?

कार्बन नॅनोट्यूब कोणी शोधली, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: जपानचे सुमिओ इजिमा, १९९१. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे.

१९५२ साली रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रं छापली. छापली कुठे, तर रशियन भाषेतल्या नियतकालिकात आणि तीही शीतयुद्धाच्या काळात. पश्चिमेत ती कोण वाचणार?

मग १९७६. फ्रान्समध्ये आग्नेस ओबरलाँ यांच्यासोबत काम करताना मोरिनोबू एंडो यांनी बेंझिनची वाफ तापवून असे तंतू वाढवले. गंमत बघा, आधी लोखंडाच्या सूक्ष्म कणामुळे बारीक नळी लांब वाढते, मग तिच्यावर कार्बनचे थर चढत जातात. आडवा छेद घेतला तर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा दिसतो.

मग इजिमांनी काय केलं? विजेच्या ठिणगीतून तयार झालेल्या कार्बनच्या थरात त्यांना एकात एक बसलेल्या, २ ते ५० पदरांच्या नळ्या दिसल्या. त्यांनी त्यांची रचना नीट उलगडून दाखवली. त्याआधी १९८५ मध्ये फुलरीनचा शोध लागला होता, त्यामुळे जग कार्बनकडे डोळे लावूनच बसलं होतं. निबंध 'नेचर'मध्ये आला आणि धमाल उडाली.

आता थरांचा खरा प्रश्न. जास्त पदर म्हणजे जास्त ताकद, असं वाटतं ना? २००० साली अमेरिकेत रॉडनी रूऑफ यांच्या गटाने या नळ्या ओढून तोडल्या. तुटला फक्त बाहेरचा पदर, आतले म्यानातून तलवार निघावी तसे सरकून बाहेर आले. बाहेरच्या पदराची ताकद ११ ते ६३ गिगापास्कल भरली, चांगल्या पोलादाच्या कितीतरी पट. पण पदरांची एकमेकांवरची पकड ढिली. म्हणूनच पदर एकमेकांत कसे गुंतवायचे, यावर पुढे बरंच संशोधन झालं.

श्रेयाचा वाद २००६ मध्ये 'कार्बन' नियतकालिकाच्या संपादकीयात उघडपणे मांडला गेला. मला विचाराल तर, इजिमांचं मोठेपण कमी होत नाही. पण १९५२ ची ती छायाचित्रं न वाचता पडून राहिली, याची हळहळ वाटतेच.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!