दोष हवेचा की हातांचा?

अशी कल्पना करा की घराच्या गॅरेजमध्ये जुन्या टायगर मॉथ विमानाचा पंख दोन घोड्यांवर आडवा ठेवलाय. वरचं कापड उतरवलंय आणि आत स्प्रूस लाकडाच्या तुळया नि फासळ्या दिसताहेत. ब्रिटन-अमेरिकेत हौशी मंडळी अशी छोटी विमानं घरी खरंच दुरुस्त करतात. कुजलेलं लाकूड टोचून पाहिलं की कळतं. खरी पंचाईत सरसाच्या जोडाची असते. बाहेरून धड दिसणारा जोड आतून सुटलेला असू शकतो, आणि उडताना त्याच जोडावर माणसाचा जीव असतो.

'या जोडावर विश्वास ठेवायचा का?' या प्रश्नाला एक इतिहास आहे. त्यातला एक भाग आपल्याकडच्या पावसाळ्याशी जोडलेला आहे.

टायगर मॉथ बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीचंच दुसरं विमान म्हणजे मॉस्किटो. त्याचं पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झालं. युद्धकाळातलं हे लढाऊ विमान मुख्यतः लाकडाचं होतं: बर्च प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा आणि पंखांत स्प्रूस नि प्लायवुड. सुरुवातीच्या विमानांत केसीनचा सरस वापरला जाई. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन. ओल लागली की हा सरस कमजोर होतो, त्याला बुरशीही येते.

नोव्हेंबर १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटो कोसळली. पंखाचं वरचं आवरण मुख्य तुळईपासून सुटतंय असा संशय आला. पहिला आरोप झाला सरसावर: इथल्या उन्हापावसात तो तडकला असणार. मग कंपनीचे हेरवर्ड डी हॅविलंड पथक घेऊन भारतात आले. डिसेंबरमधल्या त्यांच्या अहवालाने सरसाला निर्दोष ठरवलं, पण पावसाळ्यात सांगाडा आकसला, असं म्हटलं. म्हणजे बोट पुन्हा हवामानाकडेच!

आता तुम्ही तपासनीस असता तर काय केलं असतं? भारतातली आणखी विमानं उघडली असती? त्यातून फारसं हाती लागलं नसतं, कारण ती सगळी त्याच हवेत राहिलेली. इंग्लंडमध्ये डेफर्ड इथे सरकारी पथकाने वेगळी विमानं तपासली. त्यांनी पावसाळा पाहिलेला नव्हता, वाळवीही नाही. तरी त्यांच्यात तसेच दोष सापडले. ती हॅटफील्ड आणि लीव्हझडन इथल्या कारखान्यांत बनलेली होती. निष्कर्ष निघाला की चिकटवण्याचं कामच नीट झालं नव्हतं.

याचा अर्थ ओल निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की या दोषाचं स्पष्टीकरण द्यायला ओल पुरेशी नव्हती. जिथे संशयित कारण हजरच नाही तिथेही परिणाम दिसतो का, हे पाहिल्याशिवाय ते कळलं नसतं. आपण ज्याला 'कंट्रोल' म्हणतो, ते हेच.

आता परत गॅरेजमध्ये येऊ. आज तिथे केसीनऐवजी रिसॉर्सिनॉल असतो. तो पाणी आणि उष्णता दोन्ही सोसतो. पण त्याला साधारण २१ अंश सेल्सिअस किंवा जास्त तापमान लागतं, घट्ट बसणारे पृष्ठभाग लागतात आणि क्लॅम्पचा पुरेसा दाब लागतो. तुळईचा तिरका जोड एक इंच जाडीला बारा इंच इतक्या उताराने रंधून घ्यावा लागतो. सरस सुधारला, पण हाताचं काम संपलं नाही. म्हणून जाणकार माणूस त्याच दिवशी, त्याच घाणातल्या सरसाने, त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून ठेवतो. सुकल्यावर ते मुद्दाम तोडतो. लाकूड फाटलं तर ठीक. सरसाच्या रेषेवर तुकडे स्वच्छ सुटे झाले तर विमानावरचा जोडही संशयित.

नमुना बिघडल्यावर 'आर्द्रता जास्त होती' असं मीही माझ्या वहीत बिनधास्त लिहिलंय. हवेला दोष दिला की कुणीच दुखावत नाही, आपण स्वतः तर नाहीच. तुम्ही संशोधनात आलात की हे वाक्य तुमच्याही पेनातून येईल. तेव्हा थांबा आणि कोरड्या दिवशी केलेला नमुना आधी तोडून बघा.