महसूल, मंजूर, मजबूत

रविवारी सकाळी आमच्या तोक्योच्या घरात लेकीचा कांजीचा अभ्यास चालतो. 'गाकु' म्हणजे शिकणे, त्यावरून 'गाक्को' शाळा, 'दाइगाकु' विद्यापीठ. तेवढ्यात गावाहून बाबांचा फोन. सातबाऱ्यावरच्या नावाच्या दुरुस्तीसाठी ते वर्षभर तहसील कचेरीत खेटे घालत होते. "मंजूर झालं एकदाचं!" फोन ठेवल्यावर लेकीने विचारलं, "तहसील हा आपला शब्द आहे का?"

पटकन हो म्हणवेना. नाही म्हणायलाही जीभ रेटेना. मग शोधत बसलो.

अरबीत बहुतेक शब्दांचा सांगाडा तीन व्यंजनांचा. ह-स-ल म्हणजे हाती येणे. त्यात ठरावीक स्वर आणि अक्षरं घातली की मिळालेलं ते 'महसूल' आणि मिळवण्याची क्रिया ती 'तहसील'. गंमत म्हणजे साचा तोच ठेवून धातू बदलता येतो. 'महसूल'च्या साच्यात 'नजर'ची व्यंजनं ओतली की 'मंजूर', म्हणजे मुळात 'पाहिलेला', साहेबाच्या नजरेखालून गेलेला! ज-ब-त म्हणजे घट्ट धरणे; त्याच साच्यात तो 'मजबूत' होतो. म्हणजे मजबूत आणि जप्ती ही सख्खी भावंडं. 'तहसील'च्या साच्यात 'इल्म' घाला, पैलवानांची 'तालीम' तयार. आम्हा प्रोग्रॅमर मंडळींना असलं काही दिसलं की जेवण सुचत नाही.

हे शब्द अरबस्तानातून थेट आले नाहीत. बहमनी आणि पुढच्या सुलतानांच्या दरबारी फारसीतून आले, म्हणून 'दार', 'नीस' ही फारसी शेपटं. ज-म-अ म्हणजे गोळा करणे. त्यातून जमा, जमात आणि 'मजमू'. त्याला 'दार' लागून झाला हिशेब पाहणारा मुजुमदार. (जमीन मात्र या घरातली नव्हे, ती अस्सल फारसी.)

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी मुजुमदाराचा अमात्य केला, वाकनीसाचा मंत्री केला, आणि दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला. पदं बदलली, आडनावं मुजुमदारच राहिली. पंतप्रधान झालेला पेशवाही लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. महसूल तर आजही राज्य सरकारचं खातं आहे.

लेकीला म्हटलं, आपलाच शब्द, फक्त आजोळ लांबचं. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश बाबांच्या कपाटात आहे. पुढच्या खेपेला तो बॅगेत घालायचा आहे, लोणच्याच्या बरणीला जागा उरली नाही तरी.