दुधारी पात्याची सुखद दाढी

दाढीनंतर गळ्यावर होणारी आग, जबड्याखाली उठणारे लालसर पुरळ आणि हनुवटीवरची कापल्याची बारीक रेघ या गोष्टी बहुतेक पुरुषांनी दैवाधीन मानून टाकल्या आहेत. सकाळचे दूध, वर्तमानपत्र आणि लोकलची वेळ यांच्यामध्ये उरलेल्या सात-आठ मिनिटांत दाढी उरकायची आणि त्वचेने कुरकुर केलीच तर वरून काहीतरी थंडगार चोपडायचे, असा एकूण रिवाज आहे. या त्रासावरचा उपाय म्हणून दर काही वर्षांनी आणखी एखादे पाते जोडलेला नवा रेझर बाजारात येतो. प्रत्यक्षात आपल्या वडील-आजोबांनी ज्याने आयुष्यभर दाढी केली, तो दुधारी पात्याचा साधा सेफ्टी रेझर नीट हाताळला तर यांपैकी बऱ्याच तक्रारी उद्भवत नाहीत. त्यासाठीची मुख्य अट एकच : रेझरवर दाब देता कामा नये.

वस्तऱ्याला चामड्याच्या पट्ट्यावर पुनःपुन्हा धार लावावी लागे आणि ते काम कसबी हाताचे असे. वापरून टाकून देता येईल असे पातळ पाते बनवण्याची कल्पना अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांना सुचली. पातळ पोलादी पट्टीला धार टिकवण्याचे तांत्रिक कोडे विल्यम निकरसन यांनी सोडवले. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात रेझर आला आणि घरच्या घरी दाढी करण्याची सवय फैलावली. जुने पाते मात्र गंजत असे. १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन सोर्ड या ब्रिटिश कंपनीने स्टेनलेस स्टीलचे पाते बाजारात आणले, ती सुधारणा मुंबईसारख्या दमट हवेच्या शहराला विशेष मानवणारी होती.

मुंबईकरांना हा उद्योग परका नाही. सुपरमॅक्सची पाती ठाण्यात बनत आणि तेथून देशोदेशी जात. जिलेट इंडियाचे नोंदणीकृत कार्यालय तर अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या कार्डिनल ग्रेशस मार्गावर आहे. भारतातील बहुसंख्य पुरुष दुधारी पात्यानेच दाढी करतात हे ओळखून या कंपनीने त्यांच्यासाठी एक स्वस्त रेझर २०१० मध्ये बाजारात आणला. रेझर पंधरा रुपयांना आणि बदलायचे पाते पाच रुपयांना. त्याच्या आधीच्या एका प्रयत्नाची हकीकत कंपनीच्या अधिकाऱ्यांनीच नंतर सांगितली आहे. भारतीयांसाठी म्हणून बनवलेला रेझर त्यांनी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्या विद्यार्थ्यांच्या न्हाणीघरात अखंड वाहता नळ होता. इथे आल्यावर कळले, की आपल्याकडे असंख्य माणसे मगभर पाण्यात दाढी करतात, आणि त्या पाण्यात बुडवून पात्यांच्या फटीत अडकलेले केस निघत नाहीत. ठरावीक तासांतच पाणी येणाऱ्या अंधेरीच्या चाळीत किंवा इमारतीत राहणाऱ्याला हे बोस्टनपर्यंत न जाताही सांगता आले असते! साध्या सेफ्टी रेझरला ही अडचण जवळजवळ येतच नाही. त्याचे पाते दोन्ही बाजूंनी मोकळे असते. मगात दोनदा खळबळले की ते स्वच्छ होते.

अनेक पात्यांच्या रेझरचे तत्त्वही समजून घेण्यासारखे आहे. जिलेटने १९७१ मध्ये दोन पात्यांचा रेझर आणला. पहिले पाते केसाला किंचित ओढते आणि तो परत आत जाण्यापूर्वी मागचे पाते त्याला कापते, अशी ती योजना होती. परिणामी केसाचे टोक त्वचेच्या पातळीखाली जाते आणि गाल अधिक गुळगुळीत लागतो. ज्यांचे केस सरळ आहेत त्यांना हे मानवते. ज्यांचे केस राठ आणि कुरळे आहेत त्यांच्या बाबतीत हेच तीक्ष्ण टोक बाहेर येताना वळून त्वचेतच शिरते आणि तिथे लाल, दुखरी पुळी धरते. हा प्रकार गळ्यावर अधिक दिसतो. शिवाय एका फटकाऱ्यात तीन किंवा पाच पाती त्याच जागेवरून फिरतात, म्हणजे त्वचा तितक्या वेळा खरवडली जाते. एकेरी पाते केसाला त्वचेच्या पातळीवर कापून सोडून देते. संध्याकाळपर्यंत खुंट थोडे लवकर हाताला लागतील, हे मान्य करावे लागते. त्या बदल्यात गळा शांत राहतो. एका भारी कार्ट्रिजच्या किमतीत दुधारी पात्यांची कित्येक पाकिटे येतात, हा लाभ वेगळाच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सुखद दाढीचे निम्मे काम पाते लावण्यापूर्वी झालेले असते. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे पाणी मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि त्याला कापायला खूपच कमी जोर लागतो. म्हणून दाढी स्नानानंतर करावी, किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा मिनिट-दोन मिनिटे चेहऱ्यावर धरावा. फेसासाठी ब्रश वापरणे चांगले, कारण ब्रश केसांना उभे करतो आणि साबण त्यांच्या मुळाशी पोहोचवतो. साबण की क्रीम, हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. फेस दह्यासारखा दाट आणि ओलसर असावा. जाहिरातीतल्यासारखा फुगलेला, कोरडा फेस दिसायला छान, पण कामाला कमी.

पाण्याची प्रत मात्र महत्त्वाची आहे. महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा जलाशयांतून येते आणि त्यात साबणाला फेस सहज येतो. उन्हाळ्यात अंधेरीतील कित्येक गृहसंकुलांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते. भूगर्भातील अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतील तर ते साबणाशी संयोग पावून पांढरा साका बनवतात. फेस मरतो, पाते कोरड्या गालावरून फिरते आणि दोष बिचाऱ्या पात्याला दिला जातो. अशा दिवसांत एक तांब्याभर पिण्याचे पाणी कोमट करून केवळ दाढीसाठी बाजूला ठेवावे. तेवढे पुरते.

रेझरचे प्रकार अनेक आहेत. तीन भागांत सुटा होणारा, दांडा फिरवताच वरची दोन दारे उघडणारा, वगैरे. नवशिक्याने धातूचा, जड, तीन भागांचा घ्यावा. जड असण्याला कारण आहे. हा रेझर हाताच्या जोराने चालवायचा नसून त्याच्या स्वतःच्या वजनाने चालू द्यायचा असतो. हलक्या प्लॅस्टिकच्या रेझरची सवय असलेला माणूस नकळत दाबतो आणि पहिल्याच दिवशी रक्त काढून, ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे ठरवतो. रेझर दांड्याच्या टोकाकडे, दोन-तीन बोटांत, लेखणीसारखा सैल धरला की दाब देणे आपोआप अवघड होते.

दुसरी गोष्ट कोनाची. कार्ट्रिजचे डोके स्वतः वळते. सेफ्टी रेझरचे वळत नाही, कोन आपल्यालाच राखावा लागतो. तो शोधण्याची सोपी रीत अशी : रेझरचे वरचे झाकण गालावर टेकवावे, दांडा गालाशी काटकोनात राहील. मग दांडा हळूहळू खाली आणावा. पात्याची धार केसांना लागल्याचे ज्या क्षणी जाणवते, तिथे थांबावे. दांडा आणि त्वचा यांत तेव्हा साधारण ३० अंशांचा कोन असतो. दांडा याहून खाली गेला तर धार त्वचेला खरवडू लागते, वर राहिला तर काही कापलेच जात नाही. जबड्याच्या हाडावर आणि हनुवटीवर पृष्ठभाग वळतो, त्याबरोबर मनगटही वळवावे लागते, आणि बहुतेक जखमा नेमक्या तिथेच होतात. तिथे फटकारे बोटभर लांबीचेच घ्यावेत.

दिशेची जाण बऱ्याच जणांना नसते. दोन दिवस दाढी वाढू द्यावी आणि बोट फिरवून पाहावे. जिकडे हात गुळगुळीत जातो तो केसांचा रोख, जिकडे अडतो ती उलट दिशा. गालावर केस बहुधा खालच्या दिशेने असतात. गळ्यावर मात्र ते आडवे, वरच्या दिशेने किंवा भोवऱ्यासारखेही वाढतात, आणि दोन बाजूंचा रोख सारखा असेलच असे नाही. सगळा गळा खालून वर ओढणाऱ्याला पुरळ येते ते यामुळे. पहिली फेरी सगळीकडे रोखाच्या दिशेने घ्यावी. पुन्हा पाणी, पुन्हा फेस, आणि दुसरी फेरी आडवी. कचेरीत जाण्यासाठी एवढे पुष्कळ आहे. उलट्या रोखाची तिसरी फेरी हा केवळ हौसेचा भाग. संवेदनशील त्वचेच्या माणसाने तिच्या नादी लागू नये. फेस नसलेल्या जागेवर पाते फिरवायचे नाही, हा नियम मात्र सर्वांनी पाळावा. कंठमण्याजवळ आवंढा गिळून त्वचा किंचित बाजूला ताणली की ती जागा सपाट होते.

शेवटी थंड पाण्याने चेहरा धुवावा आणि ओल्या तुरटीचा खडा फिरवावा. तुरटी बारीक जखमांचे रक्त थांबवते, शिवाय ती जिथे झोंबते तिथे आपण दाबले हेही सांगते. ती धुऊन टाकून साधे मलम किंवा खोबरेल तेलाचा थेंब पुरतो. मधुमेह असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी हा रेझर वापरायला लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

एक पाते किती दिवस वापरायचे? केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असूनही पाते बोथट होते, याचे कोडे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० मध्ये उलगडले. पोलादाची अंतर्गत रचना सर्वत्र एकसारखी नसते. केस तिरका वाकून धारेवर आला आणि तिथे रचनेतील कमजोर जागा असली की धारेचा सूक्ष्म टवका उडतो. अशा टवक्यांनी पाते हळूहळू संपते. व्यवहारात तीन ते पाच दाढ्या हा माफक हिशेब. पाते केस ओढू लागले की त्याच क्षणी बदलावे. काटकसर म्हणून आणखी दोन दिवस ढकलणारा माणूस शेवटी दाबूनच दाढी करतो. पाते कधी कापडाने पुसू नये, झटकून वाळू द्यावे. पावसाळ्यात रेझर न्हाणीघरात ठेवू नये.

हेच दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे केशकर्तनालयातील वस्तऱ्यात बसवले जाते. तिथे नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढायला लावावे. त्यात संकोच नको. कावीळ ब आणि क, तसेच एचआयव्ही यांचे विषाणू रक्तातून पसरतात, त्यामुळे घरातही बाप-लेकांनी एकमेकांचा रेझर वापरू नये. प्रवासात सहारला विमान पकडायचे असेल तर पाती हातातल्या सामानात चालत नाहीत, ती मोठ्या बॅगेत टाकावीत.

राहिला प्रश्न वापरलेल्या पात्याचा. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकलेले पाते कागद ओला होताच मोकळे होते आणि सकाळी पिशवी उचलणाऱ्या किंवा पुढे हाताने कचरा वेचणाऱ्या माणसाच्या बोटात शिरते. त्याला हातमोजे मिळालेले असतीलच असे नाही. पत्र्याच्या एखाद्या बंद डब्याच्या झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडून तो न्हाणीघराबाहेर ठेवावा. एका माणसाची कित्येक वर्षांची पाती त्यात मावतात. भरल्यावर झाकण आणि चीर चिकटपट्टीने पक्की बंद करावी, डब्यावर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ असे लिहावे आणि तो पिशवीत न कोंबता कचरा नेणाऱ्याच्या हातात वेगळा द्यावा.